डोळोबाची जागा

उंचावर गेलं की तुमचे पाय लटपटतात का? माझे लटपटतात. इथूनच सुरुवात करतो, कारण एवढी साधी गोष्टसुद्धा मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका तंबूत झोपलो त्यांच्याजवळही नाही. आणि ही तर नुसती पहिली पायरी आहे. जे सांगायचंय ते हिच्या बरंच पुढे आहे. तिथपर्यंत मी पोचतो की मधूनच परत फिरतो, ते बघू. परत फिरायची मला सवय आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय? अर्ध्या जगाला उंचीची भीती वाटते. खरं आहे. पण मी पडलो मोजणीदार. डोंगर, नद्या, खोरी मोजायची आणि त्यांचे नकाशे करायचे, याचा पगार सरकार मला देत होतं. पाण्याला भिणारा कोळी तुम्ही पाहिलाय का? तो मी.

मी मूळचा घनसावंगीकडचा. आमची गोदावरीकाठची जमीन पोळपाटासारखी सपाट. लहानपणी चढायला होतं काय, तर फार फार तर गाडीत रचलेला कडबा. त्यामुळे ही भीती आपल्यात आहे हे मला नोकरी लागेपर्यंत कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. घरी पेढे वाटून झाले होते. वडील गावभर सांगत फिरले होते की आमचा भानुदास आता नकाशे काढणार. मग काय करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. लहानसहान टेकड्या दातओठ खाऊन चढायचो. अवघड जागा आली की काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला पुढे करायचो. बरीच वर्षं ते निभावलं.

जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याचे नवे नकाशे करायचे होते, आणि उत्तरेकडचा, अजिंठ्याच्या डोंगराला लागून असलेला मोरणी नदीचा भाग माझ्या वाट्याला आला. मोरणी तशी लहानच नदी, पण तिच्या वरच्या अंगाला रस्ता नव्हता, एसटी नव्हती; पावसाळ्यात पलीकडची वस्ती जगापासून तुटायची. त्या भागाचा एकच नकाशा होता, निजामाच्या अमदानीत कुणा गोऱ्या साहेबाने काढलेला. तो कागद मी कितीदा तरी हातात घेऊन बघत बसलोय. काय देखणं काम! उतारांवर केसासारख्या बारीक रेघा, नदीचं एकेक वळण जसंच्या तसं. तो माणूस तिथे पायी फिरला होता, हे त्या रेघाच सांगायच्या. त्या माणसाबद्दल पुढे मी काय बोललो — तेही सांगतो.

आमचा मुक्काम पिंपळगाव रेणुकाईला होता. बरोबर बाबूभाई. सामान वाहणाऱ्या, झेंडे रोवणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात खलाशी म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. बाबूभाई जालन्याचे, वयाने माझ्यापेक्षा थोर, पाठीला मोजणीचं टेबल बांधून बकरीसारखे चढणारे. मला ते साहेब म्हणायचे. मला त्याची लाज वाटायची, पण तीही आतल्या आत.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगतो, ती कळली की पुढचं सगळं कळेल. मोठ्या डोंगरांच्या माथ्यावर फार पूर्वी मोजणीचे दगड बसवलेले आहेत. घडीव दगड, वरच्या तोंडावर एक वर्तुळ कोरलेलं आणि मधोमध टिंब. त्या दगडाची जागा ठरलेली, त्याची उंची ठरलेली, दोन्ही यादीत लिहिलेली. मोजणीदाराने तिथे जायचं, दगडावर टेबल मांडायचं आणि तिथून दिसेल ते खोरं मोजत जायचं. सगळा भरवसा त्या दगडावर. आमचा देवच म्हणा.

मोरणीच्या खोऱ्यावरचा दगड ज्या डोंगरावर होता, त्याच्या माथ्याला जायची वाट शेवटी शेवटी कड्याच्या अंगाने जात होती. पाऊलभर रुंद. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला — काही नाही. मी ती खालूनच पाहिली आणि माझी पाचावर धारण बसली.

आणि तेवढ्यात दगड सापडला! अर्ध्या चढावर, बरडवस्ती नावाच्या चारदोन घरांच्या वस्तीच्या वर, एका लिंबाखाली. शेंदूर फासलेला होता, पण शेंदराखाली वर्तुळ स्पष्ट दिसत होतं, टिंब दिसत होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं मला झालं. बाबूभाईंनी एकदाच विचारलं, "साब, पत्थर तो चोटी पे रहता ना? ऊपर भी देख लेते." मी म्हणालो, "हाच तो. उन्हं चढतायत, जल्दी टेबल लावा."

मला तेव्हा माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. नक्की माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे नक्की माहीत होतं.

महिनाभर काम छान चाललं. मग नदीच्या पलीकडच्या डोंगरावरून मोजायला लागलो — तो बिचारा बसका डोंगर होता, चढायला सोपा — आणि आकडे भांडायला लागले. एकाच डोहाची उंची इकडून एक यायची, तिकडून दुसरी. एकाच पाण्याला दोन उंच्या? असं कुठे असतं? दुर्बिणीला दोष दिला, उन्हाच्या झळांना दिला, बाबूभाईंच्या झेंड्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी एका सकाळी एकटाच त्या लिंबाखालच्या दगडाशी गेलो.

तिथे कौतिकबाई होती. बरडवस्तीतली विधवा म्हातारी, दोन मुलगे, सुना, थोड्या शेळ्या. ती दगडाला पाणी घालून शेंदूर लावत होती. मी विचारलं, मावशी, हा देव कोणता? तिने हसून सांगितलं — डोळोबा. दगडावरचा तो गोल म्हणजे देवाचा डोळा. कुणाचे डोळे आले, कुणाला दिसेनासं झालं की डोळोबाला नारळ बोलायचा आणि त्याच्या अंगावरचं पाणी डोळ्यांना लावायचं. मोठा जागृत.

मग तिने मला ते सांगितलं. कौतुकाने सांगितलं, घरातल्या लेकराची खोडी सांगावी तसं.

"आधी वर माथ्याला होता. दर अमुश्याला म्या पाणी घेऊन जायची. मंग गुडघे गेले माझे. चढणं होईना. म्हणलं, देवा, म्या येऊ शकत न्हाई, तर तूच ये ना खाली. पोरांच्या खांद्यावर बसून वाजत-गाजत आल्ता बघा."

 माझा सगळा हंगाम त्या एका वाक्यात वाहून गेला होता.

काय झालं होतं ते सोपं करून सांगतो. समजा, तुम्ही माडीवर उभे आहात असं धरून अंगण किती खाली आहे ते मोजलंत. पण खरं तर उभे होता ओट्यावर. मग कागदावर तुमचं अंगण आहे त्यापेक्षा कितीतरी वर येणार. तसंच. दगड खाली आला, पण यादीतली त्याची उंची माथ्याचीच होती. त्यामुळे त्या बाजूचं सगळं माझ्या नकाशात उंचावर चढून बसलं होतं — काठ, पायवाट, बरडवस्ती.

उपाय होता. साधा होता. माथ्यावर जायचं, दगडाची जुनी जागा शोधायची, तिथे टेबल मांडून पुन्हा मोजायचं. चूक कबूल करायची, थोडी बोलणी खायची. आणखी काय होणार होतं?

मी गेलो. दुसऱ्याच दिवशी गेलो. बाबूभाईंना लिंबाखाली बसवलं, म्हटलं आधी मी बघून येतो, मग टेबल आणा. ती कड्याची वाट सुरू झाली तिथपर्यंत गेलो. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. खाली मोरणी दिसली, सुतळीसारखी. आणि मी बसलो — तिथेच, खडकाला पाठ लावून, डोळे मिटून. किती वेळ बसलो ठाऊक नाही. मग बसल्या बसल्या, ढुंगणावर सरकत मागे आलो. हो, पँट फाटली होती. बाबूभाईंनी पाहिली असणार. त्यांना सांगितलं, "वर काही नाही. खालचाच दगड खरा." ते बरं म्हणाले आणि टेबल बांधायला लागले.

त्या रात्रीपासून — नाही, रात्रीचं कशाला, भरदिवसा, सगळ्यांसमोर बसून मी नकाशा जुळवला. पलीकडच्या डोंगरावरून घेतलेले आकडे खरे होते. ते मी बाजूला टाकले. खोटे ठेवले. दोन्हींच्या मधली फट नदीच्या एका वळणात अशी सफाईने जिरवली की वरच्या साहेबांनी कामाची तारीफ केली. मला वाटलं, कुणाचं काय बिघडणार आहे? ओसाड भाग. चार घरं. तिथे नकाशा बघतो कोण?

बघणारा आला. बरीच वर्षं गेल्यावर आला. मी तेव्हा जालन्यात टेबलाशी बसायचं काम करत होतो. मोरणीवर लहानसा तलाव घालायचा होता आणि त्यासाठी एक तरुण इंजिनिअर दोन नकाशे घेऊन माझ्याकडे आला — तो गोऱ्या साहेबाचा जुना आणि माझा नवा. पोरगा हुशार होता. म्हणाला, जुन्यात ही बरडवस्ती खाली दिसते, पाण्याच्या पातळीत येईल असं वाटतं. तुमच्यात चांगली उंच आहे. कुठला खरा धरू? काम लहान, वेगळी मोजणी करायला वेळ नाही, वरून घाई आहे.

आता सांगा. यापेक्षा सोपी संधी कुणाला मिळते? मला डोंगर चढायचा नव्हता. खुर्चीत बसून एक वाक्य बोलायचं होतं — पुन्हा मोजून घ्या. एवढंच. कारणसुद्धा द्यायला नको होतं.

मी म्हणालो, "माझा धरा. बिलकुल बराबर आहे. तो जुना साहेबाने घोड्यावर बसून काढलाय."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या माणसाने तो माथा पायी चढून गाठला होता, त्याला मी घोड्यावर बसवला.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. मलाही वाटलं होतं की इथे थांबता येईल. नाही. अजून यायचंय ते.

तलाव झाला. पहिली दोन-तीन वर्षं पाऊस बेताचा, तलाव अर्धाच भरायचा. मग एका वर्षी भरपूर पाऊस झाला. पाणी लोंढ्याने आलं नाही. दिवसाढवळ्या, हळूहळू, पाहुण्यासारखं अंगणात आलं आणि गेलंच नाही. माणसं वाचली, गुरं वाचली. घरं बसली. खळं गेलं, विहीर गेली. बरडवस्तीचे लोक सामान डोक्यावर घेऊन वरच्या खडकाळ माळावर जाऊन राहिले. पंचनाम्याला तहसीलची माणसं निघाली, आणि हा भाग तुमच्या माहितीचा आहे म्हणून मलाही जीपमध्ये घेतलं.

वाटेभर मी घाबरलो होतो. कुणी विचारलं तर? नकाशा काढून कुणी दाखवला तर? कुणी विचारलं नाही. कागदावर अतिवृष्टी असं लिहायचं आधीच ठरलं होतं. मी सुटलो होतो. आणि मग पाहिलं — वस्तीचे लोक एका बाजूला, आणि कौतिकबाई दुसऱ्या बाजूला, एकटी, एका पेटीवर बसलेली. तिच्या सुनासुद्धा तिच्याशी बोलत नव्हत्या. कुणीतरी मला हळूच सांगितलं, हिनं देव हलवला. तलावाचं पाणी वस्तीला लागणार नाही असं सरकारी माणसं सांगून गेली होती, तरी लागलं. माथ्यावर बसून डोळोबा नदीवर नजर ठेवायचा. हिनं आपल्या गुडघ्यांपायी त्याला खाली आणला, म्हणून नदी मागोमाग वर आली.

तिने मला ओळखलं. एवढ्या वर्षांनी ओळखलं. उठून माझ्यासमोर आली, आणि सगळे ऐकतायत हे ठाऊक असून — की ते ऐकतायत म्हणूनच? — तिने विचारलं,

"साहेब, तुम्ही शिकले-सवरलेले. दुर्बिणीतून सारं बघता. तुम्हीच सांगा आता, खरं सांगा. म्या देव हलवला म्हणून पाणी आलं का?"

एक शब्द. नाही. एवढाच हवा होता तिला. वस्ती तिचं ऐकत नव्हती, पण माझं ऐकलं असतं. जीपमधून आलेला साहेब म्हणाला असता नाही, तर त्याच संध्याकाळी सुनेने तिला भाकरी वाढली असती. तो शब्द माझ्या ओठापर्यंत आला होता, खरंच आला होता. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग कशानं आलं? आणि बाजूला तहसीलचे लोक उभे. तो तरुण इंजिनिअर उभा, पडलेल्या चेहऱ्याने, स्वतःचंच काहीतरी चुकलं असणार अशा समजुतीत.

मी म्हणालो, "मावशी, देवाच्या जागेला हात लावायला नको होता."

हे ते वाक्य. हेच सांगायला बसलो होतो. शांतपणे म्हणालो, समजावणीच्या सुरात. आणि त्यातला पाजीपणा असा की शब्दाशब्दाने ते खरंही होतं. दगड हलला नसता तर माझा नकाशा चुकला नसता. पण तिने हलवला तो माया करून. मी जे केलं ते सगळं समजून उमजून.

 तिने मान हलवली फक्त, आपल्याला वाटलंच होतं अशी. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, मोजणीवाले साहेब बी तेच म्हणून राह्यले. मग ते पक्कंच झालं.

पुढचं मला बाबूभाईंकडून कळलं. त्यांची तिकडे सोयरीक होती. मुलांनी डोळोबाला पुन्हा माथ्यावर नेलं. कौतिकबाईही मागोमाग चढली, कमरेवर पाण्याची कळशी घेऊन, त्याच पाऊलभर वाटेने. आणि मग दर अमावस्येला चढत राहिली. बसत, उठत, कधी हातापायांवर. गुडघे गेलेली बाई. कुणी चल म्हणून न्यायला नसायचं आणि नको म्हणून अडवायलाही नसायचं. हे सांगून बाबूभाई बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. त्यांना काय काय माहीत होतं, मी विचारलं नाही. तेही गेले आता.

निवृत्तीनंतर एकदा, पिंपळगाव रेणुकाईला एका लग्नाला गेलो होतो, तिथून मी माळावर वसलेल्या नव्या बरडवस्तीवर गेलो. का गेलो? सांगायला गेलो, असं मी स्वतःला सांगितलं होतं. कौतिकबाई वारली होती. तिचा थोरला मुलगा सुखदेव भेटला, आता तोही पिकलेला. त्याने मला ओळखलं आणि वाकून पाया पडला. पाया पडला माझ्या. म्हणाला, "साहेब, तुमचे लई उपकार. तुम्ही बोलले म्हणून मायला कळलं. न्हाई तर माय तशीच गेली अस्ती, देवाचा गुन्हा डोक्यावर घेऊन. मरेपर्यंत फेडला तिनं."



त्याने खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. डोळोबाचा परसाद. मी तो घेतला, आणि खाल्ला. मग तो उत्साहाने उठला, चपला काढल्या, म्हणाला, "चला साहेब, वर जाऊन दर्शन घेऊ. मायनं पायऱ्या केल्यात अर्ध्या वाटेला, दगड रचून रचून. आता काही भ्या न्हाई."

मी वर पाहिलं. माथा दिसत होता. तिथे कधी काळी टेबल मांडायचं होतं मला.

"जा तू," मी म्हणालो. "मला चढणं होत न्हाई रे. गुडघे गेले माझे."

माझे गुडघे आजही चांगले आहेत.